सक्तमजुरी : एका संज्ञेचा इतिहास

१

मराठी तुरुंगवाङ्मयाची चर्चा आजवर मुख्यतः चरित्र, आत्मचरित्र आणि राष्ट्रीय चळवळीचे वाङ्मय ह्या अंगांनी झाली आहे. तुरुंगात माणूस काय सोसतो, काय चिंतन करतो, काय लिहितो, हे समीक्षेने विचारले. तो तिथे काय काम करतो आणि त्या कामाचे मोल कोण ठरवतो, हा प्रश्न मात्र तिने कायद्याच्या अभ्यासकांकडे सोपवला. हा प्रश्न भाषेचाही आहे, आणि त्याची नोंद 'सक्तमजुरी' ह्या आपल्या रोजच्या वापरातील शब्दातच झालेली आहे, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

'सक्त' हा फारसीतून आलेला शब्द; त्याचा अर्थ कठीण, कठोर. मराठीने त्याच्याच शेजारी 'सक्ती' उभी केली. 'मजूर' ह्या शब्दाच्या मुळाशी फारसी 'मुज्द' म्हणजे मोबदला आहे. व्युत्पत्तीने पाहता मजूर म्हणजे मोबदल्याचा धनी. मराठीत 'मजुरी' ह्या एकाच शब्दाने काम आणि कामाचा मोबदला हे दोन्ही अर्थ सांभाळले. आमच्या फुलचूर-गोंदिया भागात धानाच्या बांधीत रोवणीला जाणारी बाई 'मजुरीला' जाते, आणि दिवस मावळल्यावर तिच्या हाती पडते तीही 'मजुरी'च. बिडी वळणारीची मजुरी हजार बिड्यांमागे मोजली जाते. कामाचा उच्चार केला की मोबदल्याचा उच्चार आपोआप होतो, अशी ही भाषा आहे.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ५३ व्या कलमाने कारावासाचे दोन प्रकार केले : कठोर श्रमांचा आणि साधा. त्यांतील पहिल्या प्रकाराला मराठीने 'सक्तमजुरी' हे नाव दिले. कायद्याला अभिप्रेत होता तो कठोर श्रम. मराठी शब्दाने मात्र त्यात मोबदल्याची एक आठवण नकळत ठेवून दिली. पुढे राज्यव्यवहाराच्या संस्कृतप्रचुर परिभाषेत 'सश्रम कारावास' ही संज्ञा रूढ झाली. तुरुंगाचे कारागृह झाले, कैद्याचा बंदी झाला. 'श्रम' ह्या शब्दात सक्तीही ऐकू येत नाही आणि वेतनही. शुद्धीकरणाच्या ह्या प्रक्रियेत वादाचे दोन्ही पक्षकार शब्दाबाहेर गेले.

२

तुरुंगातील श्रमाचे वसाहतकालीन नियमन १८९४ च्या कारागृह अधिनियमाने बांधून दिले. त्याच्या ३५ व्या कलमानुसार, आणीबाणीचा आणि अधीक्षकाच्या लेखी मंजुरीचा अपवाद सोडल्यास, शिक्षा झालेल्या कैद्याकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेता येत नव्हते. हा आकडा त्या काळाच्या संदर्भात वाचला पाहिजे. १८९१ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा घातली होती. प्रौढ पुरुष कामगाराला मर्यादाच नव्हती. कापडगिरण्यांत त्याच्यासाठी बारा तासांची मर्यादा आली ती १९११ च्या कायद्याने. म्हणजे कागदावर तरी येरवड्याच्या कैद्याचा दिवस मुंबईच्या गिरणगावातील मोकळ्या मजुराच्या दिवसाहून आखूड होता. ह्याचा अर्थ तुरुंग दयाळू होता असा नव्हे. तासांची मोजदाद आणि मोबदल्याचा हक्क ह्या भिन्न गोष्टी आहेत, एवढेच त्यातून दिसते. त्याच अधिनियमाच्या ३४ व्या कलमाने दिवाणी कैद्याला स्वतःची हत्यारे वापरून केलेल्या धंद्याची सर्व कमाई स्वतःकडे ठेवण्याची मुभा दिली होती. मोबदल्याची कल्पना कायद्याला ठाऊक होती. ती कोणाला लागू करायची, एवढाच प्रश्न होता.

मिशेल फुको ह्यांनी १९७५ मध्ये तुरुंगाची जी मीमांसा केली, तीत तुरुंगातील श्रमाचे प्रयोजन नफा नसून आज्ञाधारक देह घडवणे हे आहे, असे प्रतिपादन केले. ते आपल्याकडे पुष्कळ अंशी लागू पडते. पण वसाहतीतील तुरुंगाला उत्पन्नाचीही गरज होती. ब्रिटिशकालीन मुंबई सरकारच्या अनेक अहवालांवर छपाईचे ठिकाण म्हणून येरवडा तुरुंगाच्या छापखान्याचे नाव आढळते. आपण ज्यांना साधनग्रंथ म्हणतो, त्यांतील काहींवर कैद्यांच्या हातांची मेहनत आहे. संपादकाचे नाव तिथे असते, मेहनत करणाऱ्याचे नसते.

३

ह्या पार्श्वभूमीवर मराठी तुरुंगवाङ्मयाकडे पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. त्यातील महत्त्वाच्या संहिता बहुधा जिथे श्रमाची शिक्षा नव्हती किंवा स्थगित झाली, तिथे निर्माण झाल्या आहेत. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांना झालेली शिक्षा साध्या कैदेची होती. डोंगरीच्या तुरुंगातील एकशे एक दिवसांचा आगरकरांचा वृत्तान्त त्या कैदेतून आला. १८९७ मध्ये टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली आणि त्यांच्या वाट्याला काथ्याचे काम आले. १९०८ च्या शिक्षेत मात्र श्रमाचा भाग वगळला गेला, आणि मंडालेच्या कोठडीत मोजलेल्या पानांच्या वह्यांमध्ये पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहिले गेले. कर्मयोगाचे मराठीतील सर्वांत मोठे विवेचन लादलेल्या कर्मातून सूट मिळाल्यामुळे शक्य झाले, हा विरोधाभास टीकेसाठी नोंदवलेला नाही. लेखनालाही देह लागतो आणि वेळ लागतो, एवढे त्यातून ध्यानात यावे.

१९२७ मध्ये प्रसिद्ध झालेली सावरकरांची 'माझी जन्मठेप' ही ह्या परंपरेतील वेगळी संहिता होय. छिलका कुटणे, कोलू फिरवणे, दिवसाला तीस पौंड तेलाचे माप पुरे करणे, हे श्रमाचे तपशील मराठी गद्यात इतक्या नेमकेपणाने पूर्वी क्वचितच आले होते. काम नाकारणे हे अंदमानच्या राजबंद्यांचे हत्यार झाले, आणि गिरणीकामगाराची 'संप' ही संज्ञा तुरुंगाच्या भिंतीआड अर्थपूर्ण ठरली. तरीही तिथला मुख्य आक्षेप श्रमाच्या मोलाविषयी नाही. राजकीय बंद्याला बैलाच्या जागी जुंपले, ह्या मानखंडनेविषयी तो आहे. राजबंदी आणि सामान्य कैदी ह्यांतील भेद मान्य करावा, ही मागणी न्याय्य असेल. पण तिने सामान्य कैद्याच्या श्रमाचा प्रश्न जिथल्या तिथे राहू दिला.

नागपूरचे एक उदाहरण ह्या भेदाची दुसरी बाजू दाखवते. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात विनोबांना अटक झाली ती उपजीविकेचे साधन नसलेल्या भटक्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या १०९ व्या कलमाखाली, आणि म्हणून अशा कैद्यांचेच खडी फोडण्याचे काम त्यांना मिळाले. कलमाने दिलेली ओळख त्यांनी नाकारली नाही, आणि कामही नाकारले नाही. ज्याला बाहेर काम नाही त्याला गुन्हेगार ठरवायचे आणि आत फुकट काम द्यायचे, हा त्या कलमाचा तर्क त्या खडीच्या ढिगाइतका उघडा होता.

४

सामान्य कैद्याने आत्मचरित्र लिहिले नाही. त्याने अर्ज केला. त्याची संहिता न्यायालयाच्या दप्तरात आहे. संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगार आणि तत्सम सक्तीचे श्रम निषिद्ध ठरवले. मूळ इंग्रजी मसुद्यातही 'बेगार' हा देशी शब्दच ठेवावा लागला, कारण त्या अनुभवाला इंग्रजीत शब्द नव्हता. १९८२ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम-मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'सक्ती'चा अर्थ विस्तारला : किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करायला लावणारी भूक हीही सक्तीच होय. आता प्रश्न अटळ झाला. बाहेरच्या मजुराला कमी वेतन देणे ही वेठ ठरत असेल, तर आतल्याला काहीच न देणे किंवा नाममात्र देणे ही काय?

केरळ उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये, हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने १९९२ मध्ये आणि पुढे गुजरात उच्च न्यायालयाने कैद्यांच्या बाजूने उत्तरे दिली. ह्या प्रकरणांवर २४ सप्टेंबर १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला. सक्तमजुरीची शिक्षा झालेल्या कैद्याकडून त्याच्या संमतीविना काम घेणे कायदेशीर आहे. पण त्या कामाचे न्याय्य वेतन देणे अनिवार्य आहे. दर ठरवण्यासाठी राज्यांनी वेतननिश्चिती मंडळे नेमावीत, अन्नवस्त्राचा खर्च वजा करता यावा, आणि वेतनाचा काही भाग गुन्ह्याच्या बळींना भरपाई म्हणून राखून ठेवणारा कायदा करावा, असेही त्यात सांगितले गेले. हा निर्णय संज्ञेच्या अंगाने वाचला तर असे दिसते की, न्यायालयाने 'सक्त' कायम ठेवले आणि 'मजुरी'चा हरवलेला अर्थ तिला परत केला. खर्च वजा जाता हाती उरणारी रक्कम कोण मोजतो, हा वाद मात्र शिल्लक राहिला.

५

श्रमाच्या फलावर हक्क कोणाचा, ह्या प्रश्नाचे वाङ्मयीन रूप एका मराठी हस्तलिखिताने न्यायालयात नेले होते. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर पांडुरंग संझगिरी ह्यांनी तुरुंगात 'अणूच्या अंतरंगात' हा विज्ञानविषयक ग्रंथ लिहिला. हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पाठवण्यास महाराष्ट्र शासनाने १९६४ मध्ये नकार दिला. स्थानबद्धाला नियमांनी दिलेल्या सवलतींत ग्रंथप्रकाशन नाही, म्हणून तो हक्क नाही, असा शासनाचा युक्तिवाद होता. मुंबई उच्च न्यायालयाने आणि पुढे १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. नियम हे सवलतींची यादी नसून निर्बंधांची यादी आहेत. ज्यावर निर्बंध नाही ते माणसाचेच राहते. संझगिरींचे लेखन सक्तीचे नव्हते, त्याला मजुरीही नव्हती. पण जे सूत्र हस्तलिखिताला लागू पडले, ते विणलेल्या सतरंजीला आणि छापलेल्या फर्म्याला का लागू पडू नये, हा प्रश्न त्या निकालाने मागे ठेवला.

ह्या इतिहासाचा शेवटचा पदर जातीचा आहे. काही राज्यांच्या कारागृह-नियमांत झाडलोट एका जातीकडे आणि स्वयंपाक दुसऱ्या जातीकडे अशी वाटणी लिहून ठेवलेली होती. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी 'सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार' ह्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले. महार वतनातील लादलेल्या कामांविरुद्ध १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणणाऱ्या डॉ. आंबेडकरांना हा युक्तिवाद परका वाटला नसता. गावकीतील वेठ आणि तुरुंगातील वेठ ह्यांची नाळ एकच होती. आपल्या गौरवलेल्या तुरुंगवाङ्मयात कोलू आहे, काथ्या आहे, खडी आहे. शौचकूप कोण साफ करत होते, ह्या प्रश्नाला तिथे फारशी जागा नाही. ते उत्तर नोंदवहीच्या एका रकान्यात होते.

१ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. कारावासाचे कठोर आणि साधे हे दोन प्रकार तिनेही कायम ठेवले. वृत्तपत्रे अजून 'सक्तमजुरी'च लिहितात, आणि ते योग्य आहे. समीक्षेने तुरुंगवाङ्मयाचा पुढचा अभ्यास करताना ग्रंथांच्या बरोबरीने अर्ज, नियमपुस्तिका आणि निकालपत्रे वाचावीत. तसे केल्यास राजबंद्याच्या सोसण्याइतकेच सामान्य कैद्याचे येणेही आपल्या वाङ्मयेतिहासाच्या हिशेबात धरावे लागेल.