थोड्या पैशांतली भुतं आणि हसू

श्रोतेहो, जत्रेच्या तंबूतला सिनेमा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. पडद्यावर भूत आलं की पोरं आईच्या पदराआड दडायची आणि भूत गेलं की एखादा वात्रट असं काही बोलायचा, की सारा तंबू हसायचा. भीती आणि हसू ही तशी जुळी भावंडंच. हाताशी पैसा नसताना आपल्या महाराष्ट्रात ती पडद्यावर कशी आली, त्याच्या दोन हकिगती आज सांगतो.

पहिली हकिगत भुतांची. फत्तेचंद रामसिंघानी यांचं कराचीला रेडिओचं दुकान होतं. गोऱ्या गिऱ्हाइकांच्या जिभेला हे आडनाव वळेना, म्हणून त्याचं ‘रामसे’ झालं. फाळणीनंतर हे कुटुंब मुंबईला आलं आणि पुढं चित्रपटधंद्यात शिरलं. १९७० साली त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा चित्रपट आला. दिग्दर्शक होते ‘रणांगण’ लिहिणारे आपले विश्राम बेडेकर. चित्रपट पडला, पण पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून चोरीला येतात, तो प्रसंग लोकांना भारी आवडला. मुलांनी हे नेमकं हेरलं.

हे सात भाऊ. पैसा बेताचा, म्हणून त्यांनी कामं घरातच वाटून घेतली. कुमार लिहिणार, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करणार, गंगू आणि केशू कॅमेरा धरणार, किरण ध्वनी पाहणार, अर्जुन संकलन करणार. ‘दो गज जमीन के नीचे’ या चित्रपटासाठी सारी मंडळी महाबळेश्वरला गेली. महागडे देखावे उभारले नाहीत. सरकारी विश्रामगृहात मुक्काम आणि तिथंच चित्रण. १९७२ साली तो लागला आणि चालला. शेतकऱ्याच्या घरी सुगीला सगळे हात लागतात ना, तसाच हा प्रकार!

अंधाराला भाडं पडत नाही. दार करकरलं, पाऊल वाजलं, की बाकीचं भूत प्रेक्षक आपल्या मनातच तयार करतो. १९८४ च्या ‘पुराना मंदिर’मध्ये तर रामसेंनी भुताच्या जोडीला ‘शोले’ची नक्कलही घातली. जगदीपनं त्यात मच्छरसिंग नावाचा डाकू रंगवला. लोक घाबरले आणि पोटभर हसलेही.

दुसरी हकिगत अशाच नकलेची, पण मालेगावची. नासिक जिल्ह्यातलं हे यंत्रमागांचं गाव. तिथं नासिर शेख व्हिडिओवर सिनेमे दाखवीत. त्यांच्या मनात आलं, आपणच का काढू नये? २००० साली ‘मालेगाव के शोले’ तयार झाला. नट गावातलेच. घोड्यांऐवजी सायकली! पुढं ‘सुपरमॅन’ची नक्कल केली. कॅमेरा उंच न्यायचा तर बैलगाडी, सरळ पळवायचा तर सायकल. फैझा अहमद खान यांनी २००८ साली माहितीपट काढून ही सारी खटपट जगाला दाखवली.

पण गरिबीचे पोवाडे गाऊ नयेत. सुपरमॅन झालेला शफीक शेख हा मागावर काम करणारा हाडकुळा तरुण. कर्करोगानं तो अकाली गेला. पडद्यावर उडणाऱ्याला जमिनीवरचं दुखणं काही सुटलं नाही. तरीही आपल्या गावच्या लोकांना पडद्यावर आपलाच माणूस दिसला, आपली बोली ऐकू आली, हे त्यानं मिळवून दिलं.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावंसं वाटतं. भुताच्या सिनेमानं मुलं भितात आणि खुळ्या समजुती बळावतात, ही तुमची काळजी खरी आहे. त्यावर सिनेमा बंद करणं हा उपाय नव्हे. यंदाच्या संमेलनात मुलांच्या हाती कागदाचा लगदा, काजळी आणि एक कंदील द्या, आणि त्यांनाच भूत बनवू द्या. मुखवटा वाळला की तो घालायला भांडणं होतील. ज्यानं भूत आपल्या हातानं बनवलं, तो त्याला कशाला भिईल? आणि आपली गोष्ट आपणच सांगावी, त्यासाठी मुंबईची वाट बघत बसू नये, हेही त्याला कळेल.