पांढरी, पूर आणि विमा : यवतमाळ जिल्ह्यातील घरांच्या नुकसानीची नोंद

मराठी खेड्याचे दोन भाग परंपरेने मानले जातात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण आणि पडलेल्या मातीच्या भिंती साचून वस्तीची माती पांढुरकी होते, आणि जागाही भोवतालच्या शिवारापेक्षा उंच होत जाते. शब्द मातीच्या रंगाचा असला तरी त्यात उंचीचे ज्ञानही सामावलेले आहे. पुराचे पाणी काळीत शिरावे, पांढरीत शिरू नये, हा जुन्या वस्तीचा संकेत होता. अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपूर येथे प्राचीन वसाहतीचे अवशेष वर्धेच्या काठच्या टेकाडांतच मिळाले, हे ह्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखे आहे. यवतमाळ जिल्ह्याचा पुरांचा इतिहास पाहता मात्र एक विसंगती आढळते. पुराने काळीचे काय केले, हे नोंदविण्याची भाषा शासनव्यवहारात फार पूर्वीच सिद्ध झाली. पांढरीचे काय झाले, हे नोंदविण्याची भाषा अद्याप अपुरी आहे. घराचा विमा नेमका ह्या उणिवेपाशी अडतो.

जिल्ह्याची रचना प्रथम ध्यानात घ्यावी. उत्तरेस व पूर्वेस वर्धा आणि दक्षिणेस पैनगंगा ह्या नद्यांनी त्याची सीमा आखली आहे. मधल्या पठारावरून बेंबळा आणि निर्गुडा वर्धेकडे, तर पूस, अरुणावती, अडाण, वाघाडी आणि खुनी ह्या नद्या पैनगंगेकडे वाहतात. परिणामी जिल्ह्यात पूर दोन तऱ्हांनी येतो. एक, मोठ्या नदीचा : पाणी चढण्यास वेळ लागतो, पण ते उतरण्यासही वेळ लागतो, शिवाय त्याच्या फुगवट्याने उपनदीचे पाणी तुंबते. दुसरा, पठारावरील ओढ्यानाल्यांचा : तो काही तासांत येतो आणि काही तासांत ओसरतो. पहिल्याची पूर्वसूचना धरणाच्या विसर्गावरून मिळू शकते. दुसऱ्याची क्वचितच मिळते.

इंग्रजी अमदानीत हा प्रदेश वऱ्हाडातील वणी जिल्हा म्हणून ओळखला जात असे. १९०५ च्या पुनर्रचनेत त्यास यवतमाळ हे नाव मिळाले. कापसाच्या ह्या मुलखात राज्यकर्त्यांचे लक्ष साऱ्यावर होते, आणि सारा काळीवर बसतो. नदीने आणून टाकलेल्या जमिनीस ‘मळई’ हा शब्द महसुली व्यवहारात रूढ झाला. अशी मळईची जमीन आणि पाण्याने वाहून गेलेली जमीन ह्यांचा विचार १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही आहे. पिकाच्या स्थितीस पैसेवारीचे माप आहे आणि सातबाऱ्यावर पीकपाहणी आहे. गावठाणातील घरास ह्यांपैकी काहीच नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना आठ मध्ये घराचे क्षेत्र, बांधकामाचा प्रकार आणि कर लिहिला जातो; पाणी उंबऱ्याच्या किती वर चढले होते, हे लिहिण्यास तेथे जागा नाही.

अलीकडच्या घटना पाहिल्या म्हणजे ह्या उणिवेचे मोल कळते. वर्धेच्या वरच्या अंगास, नागपूर जिल्ह्यातील मोवाड येथे ३० जुलै १९९१ रोजी आलेल्या पुरात २०४ माणसे दगावली. नदीकाठच्या वस्तीवर केवढे संकट येऊ शकते, ह्याचा तो दाखला होय. यवतमाळ जिल्ह्यात २८ सप्टेंबर २०२१ रोजी उमरखेड तालुक्यातील दहागावच्या नाल्यावर एस. टी. ची गाडी वाहून गेली आणि प्रवासी मृत्युमुखी पडले. जुलै २०२२ मध्ये वर्धेच्या पुराने वणी तालुक्यातील नदीकाठच्या गावांना वेढा दिला. २२ जुलै २०२३ च्या पावसात महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्यावर अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे मागवावी लागली; त्याच दिवशी पठारावर वसलेल्या यवतमाळ शहराच्या सखल भागांतही घरांत पाणी शिरले. शेवटचे उदाहरण विशेष बोलके आहे. मोठी नदी जवळ नसलेल्या उंचावरील नगरात पाणी घुसते, ह्याचे एक कारण वस्ती पांढरी सोडून नाल्याच्या काठापर्यंत उतरली, हे होय. शब्दाने राखलेला संकेत घरबांधणीने मोडला.

नुकसान झाल्यावर कोणता शब्द लिहिला जातो, ह्यावर पुढचे पुष्कळसे अवलंबून असते. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर २४ तासांत ६५ मिलीमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला म्हणजे ‘अतिवृष्टी’ ठरते. पण नाल्याचा पूर वरच्या अंगाच्या पावसाने येतो. मापक कोरडा आणि घर ओले, असे घडू शकते. केंद्राने २०२२-२३ ते २०२५-२६ ह्या काळासाठी ठरविलेल्या निकषांत पूर्णतः पडलेल्या घरास सपाट प्रदेशात १,२०,००० रुपये, तर अंशतः पडलेल्या पक्क्या घरास ६,५०० व कच्च्या घरास ४,००० रुपये साहाय्य होते. कपडे व भांडी ह्यांसाठीच्या मदतीस घर वाहून गेलेले, पूर्णतः पडलेले किंवा दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असणे आवश्यक मानले होते. ही दोन दिवसांची अट मोठ्या नदीच्या पुरास लागू पडते. चार तासांत धान्याची कणगी आणि अंथरूण-पांघरूण नासवून ओसरणाऱ्या पुरास ती लागू पडत नाही. निकषाची भाषा एका पुराची, आणि जिल्ह्यातील नुकसान बहुधा दुसऱ्या पुराचे, असा हा प्रकार आहे.

शासकीय साहाय्य ही मदत असते, भरपाई नव्हे. भरपाई विम्याकडून अपेक्षित असते. भारतात सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण १९७२ च्या कायद्याने झाले आणि १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमासंस्थांचे व्यवसाय चार कंपन्यांत एकवटले. घराचे पुरापासून संरक्षण मात्र स्वतंत्र नावाने आले नाही. २००१ च्या अखिल भारतीय दरपत्रकात ते आगीच्या विम्याच्या पोटात होते. एवढेच नव्हे, तर वादळ व पूर हे धोके वगळून हप्ता कमी करून घेण्याची मुभाही होती. ‘आगीचा विमा’ ह्या नावामागे पुराचे संरक्षण दडलेले आहे, हे सामान्य घरमालकास उमगावे कसे? १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित विमापत्रिका देणे बंधनकारक झाले. तिच्यात पूर आणि जलमयता हे दोन्ही शब्द येतात. म्हणून नदी न फुगताही साचलेल्या पाण्याने झालेली हानी तिच्या कक्षेत येते. विम्याची रक्कम जमिनीच्या किमतीवर नव्हे, तर घर पुन्हा बांधण्याच्या खर्चावर ठरते. आणि घरातील सामान इमारतीच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपयांच्या मर्यादेत, आपोआप समाविष्ट होते. ही सोय असूनही जिल्ह्यात ‘विमा’ म्हटले की पीक विमा असाच अर्थ घेतला जातो. खरीप २०२३ पासून काही काळ राज्यात तो शेतकऱ्यास एका रुपयात मिळत होता. येथेही काळीस शब्द आणि व्यवस्था लाभली. पांढरी मागे राहिली.

विम्यासाठी तीन गोष्टी स्पष्ट असाव्या लागतात : घर कोणाचे, ते कशाचे बांधलेले आणि धोका किती. पहिलीसाठी २०२० साली आरंभिलेल्या स्वामित्व योजनेने गावठाणातील घरांस मिळकत पत्रिका देण्याचा मार्ग काढला. दुसरी नमुना आठ मध्ये आहे. तिसरीसाठी जलसंपदा विभाग पूररेषा आखतो : सुमारे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. ‘शंभर वर्षांतून एकदा’ ह्या शब्दांनी मात्र घात होतो. पूर येऊन गेला, आता शंभर वर्षे निश्चिंती, असा त्यांचा अर्थ नव्हे. प्रत्येक वर्षी तसा पूर येण्याची शक्यता शंभरात एक, असा आहे. तीस वर्षे त्या रेषेवर राहणाऱ्या कुटुंबास तो गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, म्हणजे चारांत एकाहून थोडी अधिक, भरते. शिवाय लहान नाल्यांना अशी आखीव रेषा बहुधा नसतेच.

ही उणीव गावच भरून काढू शकते. वृद्ध माणसे पाणी कोणत्या ओट्यापर्यंत, कोणत्या देवळाच्या पायरीपर्यंत आले होते, हे सांगू शकतात; परंतु ही स्मृती पिढीबरोबर संपते. प्रत्येक पुरानंतर पाण्याची खूण भिंतीवर कोरणे, तिची तारीख व उंची ग्रामपंचायतीच्या दप्तरात घराच्या क्रमांकापुढे लिहिणे, आणि पंचनाम्यात पाणी नदीचे, नाल्याचे की साचलेले हे स्पष्ट नमूद करणे, एवढ्याने घरमालकास धोका कळेल आणि त्याच्या दाव्यास आधार मिळेल. ज्या समाजाने आपल्या वस्तीच्या जागेस पांढरी हे नाव देऊन तिची उंची सांभाळली, त्याला ही नोंद अवघड नाही. ती झाली नाही, तर पुढच्या पावसाळ्यानंतरही शेताचा हिशेब कागदावर राहील आणि घराचा केवळ आठवणीत.