अमेरिकेतील वर्णद्वेष आणि वाङ्मयाची साक्ष

ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वाङ्मयावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही ज्ञातिबांधवांच्या मनात उभा राहील, आणि तो अगदीच गैरलागू म्हणता येणार नाही. परंतु महाराष्ट्रापुरते बोलावयाचे झाल्यास हा विषय परका नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा तो कोणा संस्थानिकास वा सरकारी अधिकाऱ्यास अर्पण केला नाही. गुलामांच्या दास्यविमोचनासाठी झटलेल्या युनायटेड स्टेट्समधील सज्जनांना त्यांनी तो आदरपूर्वक अर्पण केला. त्या देशातील गुलामगिरी कायद्याने नष्ट होऊन तेव्हा अवघी आठ वर्षे लोटली होती. पुण्यात बसलेल्या एका माणसाने समुद्रापलीकडील दुःखाशी आपल्या दुःखाचे नाते ओळखले, ही गोष्ट सामान्य नव्हे. शिवाय आपली भाषाही काही सुचवीत असतेच. ‘वर्णद्वेष’ या शब्दातील ‘वर्ण’ म्हणजे कातडीचा रंग खरा, पण तोच शब्द चातुर्वर्ण्यातही आहे.

अमेरिकेतील या व्यवस्थेची पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. १६१९ साली व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर वीसएक आफ्रिकी माणसे जहाजातून उतरविली गेली आणि विकली गेली. पुढे तंबाखूचे, भाताचे, कापसाचे मळे वाढत गेले, तसतशी ही विक्री वाढली. प्राचीन रोममध्येही गुलाम होते. पण मुक्त झालेल्या गुलामाच्या नातवाकडे पाहून कोणास त्याचे पूर्वज ओळखता येत नसत. येथे दास्य आणि रंग यांची गाठ मारली गेली. १६६२ साली व्हर्जिनियाने कायदा केला की, अपत्याची स्थिती मातेच्या स्थितीवरून ठरेल. म्हणजे गोऱ्या मालकापासून गुलाम स्त्रीला झालेले मूलही गुलामच, आणि बाप हाच त्या मुलाचा धनी. जन्मावरून माणसाचे स्थान कायमचे ठरविण्याची ही रीत आपल्या वाचकांस निराळी समजावून सांगावयास नको. दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामांस लिहावयास-वाचावयास शिकविणे हा गुन्हा होता, हेही येथे नमूद करून ठेवतो, कारण पुढील सर्व वाङ्मय या मनाईच्या पोटी जन्मास आले.

त्यांतील अग्रमान फ्रेडरिक डग्लस यांच्या आत्मवृत्ताचा. त्यांचा जन्म मेरीलँडमध्ये, गुलामीत झाला. बालपणी त्यांना बाल्टिमोर शहरात एका कुटुंबात धाडण्यात आले. तेथील मालकीण स्वभावाने मायाळू होती. घरात गुलाम ठेवण्याचा तिला पूर्वानुभव नव्हता. तिने या मुलास मुळाक्षरे शिकविण्यास आरंभ केला. यजमानाच्या कानी ते जाताच त्याने तिला बजावले की, वाचावयास शिकलेला गुलाम गुलाम म्हणून निरुपयोगी होतो. शिक्षण तेथेच थांबले. पण ते बोलणे मुलाने ऐकले होते, आणि मुक्तीची वाट कोणती हे त्यास मालकाच्याच मुखातून कळले. पुढे घरातील पाव खिशात घालून तो रस्त्यावरील गरीब गोऱ्या मुलांना देई आणि मोबदल्यात त्यांच्याकडून एकेक शब्द शिके. बाराव्या वर्षाच्या सुमारास त्याने पन्नास सेंटांना वक्तृत्वाचे एक पुस्तक विकत घेतले. १८३८ साली तो उत्तरेकडे निसटला.

या वृत्तांतात चाबकाचे वळ आहेत, उपासमार आहे. गुलामांना वठणीवर आणण्याचा धंदाच करणाऱ्या एका इसमाशी झालेली झुंजही आहे. परंतु प्रस्तुत लेखकास सर्वांत मोलाचा वाटतो तो त्या मालकिणीचा भाग. तिचे काय झाले, हे डग्लस यांनी बारकाईने लिहिले आहे. ती मुळात दुष्ट नव्हती. माणूस मालकीचा असतो हे अंगी मुरताच तिचा चेहरा पालटला, आवाज पालटला, आणि पुढे मुलाच्या हातात वर्तमानपत्र दिसले की ती नवऱ्याहूनही अधिक संतापू लागली. दास्याने दासाचे जे होते ते होतेच, पण धन्याच्या घरातही ते काहीतरी कुजवीत असते. ही नोंद करण्याचा अधिकार त्याच घरात वाढलेल्या त्या गुलामाखेरीज दुसऱ्या कोणास होता? बाहेरच्यास ती मालकीण एकतर देवी दिसली असती, नाहीतर राक्षसीण.

हे आत्मवृत्त १८४५ साली प्रसिद्ध झाले. ते लिहिण्याचे निमित्तही ध्यानात घेण्याजोगे आहे. डग्लस सभांतून इतके प्रभावी बोलत की, हा मनुष्य कधी गुलाम होता यावर श्रोत्यांचा विश्वास बसेना. म्हणून त्यांनी मालकांची आणि गावांची नावे उघडपणे छापली. परिणामी पकडले जाण्याची भीती उत्पन्न होऊन त्यांना ब्रिटनमध्ये जावे लागले, आणि तेथील स्नेह्यांनी १८४६ साली दीडशे पौंड मोजून त्यांची मुक्तता विकत घेतली. पुस्तकाच्या आरंभी एका गोऱ्या गृहस्थाची प्रस्तावना आणि दुसऱ्या गोऱ्या गृहस्थाचे पत्र जोडलेले होते, ते अशासाठी की, हा मजकूर खरा असून तो त्यानेच लिहिला आहे अशी ग्वाही मिळावी. पीडितास आपली पीडा सांगावयाची तरी जामीन लागतो, असा तो काळ होता.

सात वर्षांनी, १८५२ साली, हॅरिएट बीचर स्टो या गोऱ्या विदुषीची ‘अंकल टॉम्स केबिन’ ही कादंबरी पुस्तकरूपाने बाहेर पडली. तत्पूर्वी ती एका साप्ताहिकातून क्रमशः येत होती. पहिल्या वर्षात अमेरिकेतच तिच्या तीन लाख प्रती खपल्या. पळून आलेल्या गुलामांस परत धरून देण्याचे बंधन उत्तरेवर लादणारा कायदा १८५० साली झाला होता, आणि त्याविरुद्धचा क्षोभ या कादंबरीने घरोघरी पोहोचविला. तिचे हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. तथापि टॉम हा जो नायक तिने उभा केला, तो क्षमाशील, सोशिक, मार खाता खाता प्राण सोडणारा आहे. वाचकांस रडू फुटले ते या सोशिकपणामुळे. रंगमंचावर मात्र तोंडाला काजळी फासलेल्या गोऱ्या नटांनी त्याचे विडंबन केले. पुढे ‘अंकल टॉम’ हे नाव कृष्णवर्णीयांतच लाचार माणसास उद्देशून शिवीसारखे वापरले जाऊ लागले.

हॅरिएट जेकब्स या स्त्रीची हकीकत याच ओघात सांगितली पाहिजे. उत्तर कॅरोलिनातील ही गुलाम स्त्री धन्याच्या कामुकतेपासून बचाव करण्यासाठी आपल्या आजीच्या घराच्या छपराखालील, उभेही राहता येणार नाही अशा पोटमाळ्यावर जवळजवळ सात वर्षे लपून राहिली होती. खाली आपली मुले खेळताना ती फटीतून पाही, पण त्यांस हाक मारू शकत नसे. तिच्या कहाणीबद्दल श्रीमती स्टो यांच्याकडे एका स्नेहीबाईमार्फत विचारणा झाली. श्रीमती स्टो यांनी ती कहाणी आपल्या पुढील पुस्तकात पुराव्यादाखल घालण्याचा मनोदय दाखविला, आणि खरेपणाची खातरजमा करून घेण्यासाठी ते पत्रच तिच्या मालकिणीकडे धाडले. जेकब्स यांना हे फार लागले. त्यांनी नकार दिला आणि स्वतःच लेखणी हाती घेतली. दिवसा दुसऱ्यांची मुले सांभाळावयाची, रात्री लिहावयाचे. १८६१ साली टोपणनावाने ते पुस्तक निघाले. गंमत म्हणावी की दुर्दैव, विद्वानांनी पुढे शंभरांहून अधिक वर्षे ते कोणा गोऱ्या बाईने रचलेले असावे असे मानले. १९८०च्या दशकात जीन फॅगन येलिन यांनी जुनी पत्रे धुंडाळून लेखिका जेकब्सच होत्या हे सिद्ध केले, तेव्हा कोठे त्यांचे पुस्तक त्यांना परत मिळाले.

वाङ्मय नेहमी पीडितांच्याच बाजूने उभे राहते, असा भाबडा समज मात्र कोणी करून घेऊ नये. टॉमास डिक्सन यांची १९०५ सालची ‘द क्लॅन्समन’ ही कादंबरीही वाङ्मयच होती. मुक्त झालेला कृष्णवर्णीय म्हणजे पशू आणि बुरखेधारी क्लॅन म्हणजे अबलांचे रक्षक, असे चित्र तिने रंगविले. तिच्यावरून निघालेला ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हा चित्रपट १९१५ साली खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी दाखविण्यात आला, आणि मोडीत निघालेल्या क्लॅनची पुनःस्थापना त्याच वर्षी जॉर्जियात झाली. कथेने माणसे रडतात तशी ती मशाली घेऊन बाहेरही पडतात.

पुढच्या पिढीने अश्रूंचाच संशय घेतला. रिचर्ड राइट यांचा पहिला कथासंग्रह वाचून सधन घरच्या मुली डोळे पुसून मोकळ्या होतात, हे त्यांच्या ध्यानी आले, आणि पुढील पुस्तक असे कठोर लिहावयाचे की कोणास रडण्याची सोय राहू नये, असा त्यांनी निश्चय केला. १९४० सालच्या ‘नेटिव्ह सन’चा नायक शिकागोतील एक भेदरलेला तरुण आहे. तो खून करतो, आणि त्यास घडविणारे शहर त्याच्याकडे बोट दाखविते. जेम्स बाल्डविन यांना हेही पटले नाही. टॉम आणि हा खुनी ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत, दोघांतही संपूर्ण माणूस नाही, असे त्यांचे म्हणणे. राल्फ एलिसन यांनी १९५२ साली या वादास निराळे वळण दिले. त्यांच्या कादंबरीतील निवेदकास नावच नाही. लोक त्याच्याकडे पाहतात, पण त्यांना दिसते ते त्यांच्याच मनातील चित्र.

आता स्वगृही येऊ. डग्लस यांच्या आत्मवृत्तानंतर दहाच वर्षांनी, १८५५ साली, फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. एक त्या तीरावर, एक या तीरावर, दोघांस परस्परांची वार्ता नाही, आणि दोघांनीही नाकारलेल्या अक्षरांनीच आपली साक्ष लिहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकलेले. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विद्वान ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे जावयाच्या निवेदनासंबंधी विचारणा केली व ड्यू बॉइस यांनी सहानुभूतीचे उत्तर पाठविले. १९६३ साली बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला, १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली आणि तिचे नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले गेले. १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध झाले. या ग्रंथांस जामीनपत्रे जोडावी लागली नाहीत.

हे सारे वाचीत असता आपल्याच स्मरणिकांचे जुने अंक समोर घेऊन बसलो होतो. त्यांत ज्ञातीची क्षत्रियोत्पत्ती आहे, देणगीदारांची छायाचित्रे आहेत, वधूवरांची सूची आहे. गावजेवणात आपल्या वाडवडिलांची पंगत निराळी बसविली जाई, हे दोनतीन वृद्धांनी रोषाने लिहिले आहे व ते योग्यच केले आहे. परंतु आमच्या घरच्या पडवीच्या कोनाड्यात एक कानतुटका कप वेगळा ठेवलेला असे. तो कोणासाठी, हे मुलांस कोणी सांगत नसे आणि मुलांस ते ठाऊक असे. आजी प्रेमळ होती. दारी आलेल्यास ती चहा कधी नाकारीत नसे, मात्र तो वरून ओतीत असे. त्या कपाविषयी आपल्या एकाही अंकात एक ओळ नाही. डग्लस यांच्या मालकिणीविषयी वाचताना मला तीच पडवी दिसत होती.

संपादक मंडळास विनंती आहे की, पुढील अंकात चार पाने वृद्ध ज्ञातिबंधू-भगिनींच्या आठवणींसाठी राखून ठेवावीत. आपणांस कोणी कोठे बसविले याबरोबरच आपण कोणास कोठे उभे केले, हेही त्यांस विचारावे. ऐंशी ओलांडलेली माणसे आता मोजकीच उरली आहेत. ज्यांस लिहिणे जमत नाही त्यांच्याकडे वही घेऊन जाण्यास प्रस्तुत लेखक तयार आहे.