हिमाने राखलेले अन्न

बटाटे सोलून, कापून, अर्धेकच्चे उकडून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायचे आणि घाईच्या दिवशी तेच कढईत टाकायचे, ही सोय आता आपल्या अनेक घरांत रुळली आहे. ही यंत्रयुगाची देणगी आहे, असे आपण सहज समजतो. वस्तुतः बटाटा घरच्या घरी गोठवून पुढील दिवसांसाठी राखण्याची विद्या यंत्राहून कितीतरी जुनी आहे. ती सिद्ध केली दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीच्या पठारावर राहणाऱ्या गरीब शेतकरी कुटुंबांनी.

आजच्या पेरू आणि बोलिव्हिया या देशांच्या सीमेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटर उंचीवर टिटिकाका सरोवर आहे. या परिसरातील माणसांनी हजारो वर्षांपूर्वी बटाट्याला माणसाळवले. (आपल्याकडे 'बटाटा' हे नाव पुढे पोर्तुगीजांबरोबर आले.) एवढ्या उंचीवर मका नीट पिकत नाही, आणि हिम पडले की उभे पीक जाते. हिमाला दाद न देणाऱ्या बटाट्याच्या काही जाती तेथे आहेत. परंतु त्या इतक्या कडू की तशाच शिजवून खाल्ल्यास बाधतात. एकीकडे पीक करपवणारी थंडी आणि दुसरीकडे न खाता येणारा कंद, असा हा पेच होता. या माणसांनी एका संकटाकडून दुसऱ्याचे निवारण करून घेतले.

जून-जुलै हे तिकडचे कडाक्याच्या थंडीचे महिने. त्या दिवसांत बटाटे उघड्या माळावर पसरतात. रात्री ते दगडासारखे गोठतात, दिवसा उन्हात सैल पडतात. असे काही दिवस गेले की घरची बायामाणसे व पुरुष अनवाणी पायांनी ते तुडवून त्यांतील पाणी काढून टाकतात आणि मग ते खडखडीत वाळवतात. हाच काळपट 'चुन्यो'. गोठलेले बटाटे काही आठवडे वाहत्या पाण्यात ठेवून मग वाळवले, तर पांढरी 'तुन्ता' तयार होते. पाण्याबरोबर कडूपणा आणि त्यातील विषारी अंश पुष्कळसा निघून जातो. उरतो तो हलका, टणक, वर्षानुवर्षे टिकणारा तुकडा. पाण्यात भिजवून तो रश्शात घातला की जेवण तयार.

यामागील शास्त्रही समजून घेण्यासारखे आहे. बटाटा सावकाश गोठला की त्याच्यातील पाण्याचे मोठे स्फटिक बनतात आणि पेशींच्या भिंती फाटतात. म्हणून विरघळल्यावर तो पिळता येतो. आपल्या फ्रीजमध्ये कच्चा बटाटा ठेवला तर तो पुढे काळवंडतो व पाणचट होतो, त्याचे कारण बव्हंशी हेच. म्हणून आपण त्याला आधी उकळत्या पाण्यातून काढतो, कोरडा करतो आणि होईल तितक्या लवकर गोठवतो. जो दोष आपण टाळू पाहतो, त्याचाच त्या पठारावरील माणसांनी उपयोग करून घेतला.

इंका राजवटीने चुन्योचे मोल ओळखले होते. राज्यभर बांधलेल्या कोठारांत इतर धान्यधुन्याबरोबर तोही साठवला जाई आणि सैन्याला व दुष्काळग्रस्तांना पुरवला जाई. मिसर देशात सुकाळाच्या सात वर्षांत धान्य साठवणाऱ्या योसेफाची येथे आठवण व्हावी.

पण साठा कोणाच्या हाती आहे, यावर त्याचे पुण्य अवलंबून असते. १५४५ साली पोतोसीच्या डोंगरात चांदी सापडली. स्पॅनिश राजप्रतिनिधी फ्रान्सिस्को दे तोलेदो याने १५७३च्या सुमारास तेथे सक्तीची पाळी लावून दिली. सोळा प्रांतांतून दरवर्षी सुमारे १३,५०० पुरुष खाणीत पाठवावयाचे, असा तो नियम. इंकांच्या काळीही पाळीचे श्रम होते; परंतु आता त्या श्रमाचे फळ समुद्रापार जाऊ लागले. माणसे बायकामुलांसह, लामांच्या पाठीवर शिधा लादून, कित्येक दिवसांची वाट तुडवत खाणीकडे जात. त्या शिध्यात चुन्यो असे. १५५३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पेद्रो सिएसा दे लेओन याने नोंदवले आहे, की पोतोसीला नुसता चुन्यो नेऊन विकल्यानेच कित्येक स्पॅनिश लोक धनवान होऊन मायदेशी परतले. घरच्या मुलांसाठी तुडवलेले अन्न दुसऱ्याच्या संपत्तीचे साधन झाले. ही सक्ती कायद्याने उठली ती १८१२ साली.

याच काळात काही धर्मगुरूंनी या अन्नाची लेखी नोंद ठेवली, हेही सांगितले पाहिजे. येशूसंघीय होसे दे आकोस्ता यांनी १५९०च्या आपल्या ग्रंथात चुन्योची कृती आणि पोतोसीशी चालणारा त्याचा व्यापार वर्णिला. सरोवराकाठच्या हुली गावी लुदोविको बेर्तोनिओ यांनी सिद्ध केलेला आयमारा भाषेचा कोश १६१२ साली छापला गेला. त्यातही चुन्योला स्थान आहे. ज्यांना लिहिता येत नव्हते, त्यांच्या स्वयंपाकघरातील शब्द असे कागदावर उतरले.

साम्राज्य गेले, खाणीतील चांदीचे वैभव ओसरले. चुन्यो मात्र आजही त्या पठारावर तुडवला जातो आणि घरोघरी शिजतो. उद्याच्या भुकेचा आज विचार करणे ही गरिबाने कमावलेली बुद्धी आहे. ज्याने अन्न राखले, त्याच्याच लेकरांच्या ताटात ते पडावे, एवढा न्याय मात्र तिला हवा असतो. तो कोणत्याही थंडीने आपोआप मिळत नाही; तो माणसांनीच माणसांना द्यावा लागतो.