प्रश्न विचारणारेच बरखास्त झाले : ल्यूथरवरील एका निबंधस्पर्धेची कथा

५ एप्रिल १८०२. पॅरिसमधील ‘नॅशनल इन्स्टिट्यूट’ या विद्वत्संस्थेने एक निबंधस्पर्धा जाहीर केली. प्रश्न असा : ल्यूथरच्या धर्मसुधारणेचा युरोपातील निरनिराळ्या राज्यांच्या राजकीय स्थितीवर आणि ज्ञानाच्या प्रगतीवर कोणता परिणाम झाला?

वरकरणी हा पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका जर्मन मठवाशाविषयीचा प्रश्न. पण तारीख पाहा. तीनच दिवसांनी, ८ एप्रिलला, नेपोलियनने पोपशी केलेल्या कराराला फ्रान्समध्ये कायद्याचे रूप मिळाले. क्रांतीने चर्चची मालमत्ता जप्त केली होती, कालगणनासुद्धा ख्रिस्तापासून तोडली होती. आता तेच कॅथलिक चर्च सरकारी वेतनावर परतत होते. नेमक्या त्याच आठवड्यात विद्वान विचारत होते, की पोपची सत्ता झुगारणाऱ्या देशांचे पुढे काय झाले?

हा प्रश्न काढला होता इन्स्टिट्यूटच्या नैतिक व राज्यशास्त्र विभागाने. व्होल्ने, काबानी, देस्त्यूत द त्रासी ही मंडळी याच विभागातली. नेपोलियन त्यांना ‘इडिऑलॉग’ म्हणून हिणवत असे. जानेवारी १८०३ मध्ये त्याने इन्स्टिट्यूटची पुनर्रचना केली आणि हा विभागच नाहीसा झाला. स्पर्धा मात्र उरली! इतिहास व प्राचीन साहित्य विभागाने ती पुढे चालवली.

मार्च १८०४ मध्ये पारितोषिक मिळाले शार्ल द व्हिलेर याला. लॉरेन प्रांतात कॅथलिक घरात जन्मलेला हा तोफखान्यातील अधिकारी क्रांतीच्या धामधुमीत देश सोडून गेला आणि ग्यॉटिंगन, ल्युबेक या जर्मन शहरांत रमला. १८०१ मध्ये त्याने फ्रेंच वाचकांसाठी कांटच्या तत्त्वज्ञानावर ग्रंथ लिहिला होता. त्याचे उत्तर निःसंदिग्ध होते : धर्मसुधारणेने चिकित्सेचा मार्ग मोकळा केला आणि प्रोटेस्टंट जर्मनीतील शाळा व विद्यापीठे ही त्याची फळे होत. ज्या महिन्यात हा निबंध गौरवला गेला, त्याच महिन्यात नेपोलियनच्या सैनिकांनी बाडेनच्या जर्मन भूमीतून आंगियँच्या ड्यूकला पकडून आणले आणि त्याला गोळ्या घालण्यात आल्या.

निबंध चांगला असला, तरी प्रश्नाच्या घडणीतच एक गोम आहे. ‘अमक्याचा तमक्या राष्ट्रावर प्रभाव’ असे विचारले, की मुद्रणकला, व्यापार, चर्चच्या जमिनींवर डोळा असलेले राजे हे सारे पार्श्वभूमीला जाते आणि एकच माणूस उजेडात उरतो. १५२५ च्या शेतकरी उठावाविरुद्ध ल्यूथरने किती कठोर शब्दांत लिहिले होते, हे आठवले तर ‘ल्यूथर म्हणजे स्वातंत्र्य’ हे समीकरण डळमळू लागते. या निबंधातून १५१७ च्या विटेनबर्गपेक्षा १८०२ चे पॅरिसच अधिक स्पष्ट दिसते.

हा निबंध १८०५ मध्ये टिपांसह इंग्रजीत आणला जेम्स मिलने. होय, तोच मिल, ज्याचा ‘हिस्टरी ऑफ ब्रिटिश इंडिया’ १८१७ मध्ये निघाला आणि ज्याच्या हिंदू, मुस्लिम, ब्रिटिश या कालविभागणीशी भारतीय इतिहासाचे विद्यार्थी आजही झगडतात. धर्मसुधारणा आणि राष्ट्राचा उदय यांची सांगड पुढे महाराष्ट्रातही घातली गेली. १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘राइज ऑफ द मराठा पॉवर’ या ग्रंथात न्यायमूर्ती रानडे यांनी संतांच्या चळवळीची तुलना युरोपातील प्रोटेस्टंट सुधारणेशी केली. रानड्यांनी व्हिलेर वाचला होता असे यावरून मुळीच ठरत नाही. प्रश्नाचा साचा मात्र ओळखीचा आहे.

व्हिलेरच्या वाट्याला काय आले? १८०६ मध्ये फ्रेंच सैन्याने ल्युबेक लुटले, तेव्हा तो तिथेच होता. आपल्याच देशाच्या सैनिकांचे अत्याचार त्याने काउंटेस फॅनी द बोआर्ने हिला लिहिलेल्या पत्रात मांडले, ते छापलेही आणि फ्रेंच सेनाधिकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. जर्मन विद्यापीठांवर गदा येण्याची चिन्हे दिसताच १८०८ मध्ये त्याने त्यांच्या बाजूने पुस्तिका लिहिली. १८११ मध्ये तो ग्यॉटिंगनमध्ये प्राध्यापक झाला. पुढे नेपोलियनची सत्ता कोसळली, हॅनोव्हरचे जुने शासन परतले आणि १८१४ मध्ये त्या शासनाने या फ्रेंच माणसाला पदावरून दूर केले. फेब्रुवारी १८१५ मध्ये, वयाच्या ४९ व्या वर्षी, ग्यॉटिंगनमध्येच त्याचा मृत्यू झाला.