सौंसरचा दगड आणि ग्रहांची घडण

ग्रह म्हटला की आपली नजर आकाशाकडे, नाही तर पंचांगाकडे वळते. पंचांगातल्या नवग्रहांत पृथ्वी नाही. तरीही ग्रह कशाचे घडले, याचा शोध माणसाने पायाखालच्या दगडापासून सुरू केला आणि त्या शोधात आपल्या मुलखाचा वाटा आहे.

पांढुर्ण्याकडचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवालेला लाव्हा. सौंसरकडे संगमरवर, अभ्रकी खडक आणि मँगनीज सापडते. हे मूळचे पाण्यात साचलेले थर. पुढे उष्णतेने व दाबाने ते पालटले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील लुईस ली फर्मोर यांनी देशभरातील मँगनीजच्या साठ्यांवरचा आपला मोठा ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध केला. गोंडांवरून एका खडकाला ‘गोंडाइट’ आणि छिंदवाड्यातील सीतापारवरून एका खनिजाला ‘सीतापाराइट’ ही नावे त्यांनीच दिली. सीतापाराइट हे पुढे बिक्सबाइटच ठरले आणि ते नाव मागे पडले. सौंसरचे नाव मात्र येथील खडकसमूहाला राहिले.

गोंडाइटात गार्नेट, म्हणजे तामडा असतो. तामडा हा भूगर्भातील दाबाचा मापक आहे, असे फर्मोर यांनी १९१३ साली मांडले. खोलवर, प्रचंड दाबाखाली बेसाल्टचेच द्रव्य तामडायुक्त जड खडकाचे रूप घेत असावे, हा त्यांचा तर्क. द्रव्य कोणते, याबरोबर ते किती दाबात आहे हेही पाहावे लागते, हा त्यातला धडा.

तो इतर ग्रहांनाही लागू पडतो. बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ हे खडकाचे, त्यांच्या पोटात लोखंड. १८६५ साली बिहारात शेरघाटीला पडलेली अशनी मंगळावरची ठरली, तीही बेसाल्टचीच. गुरू व शनी मुख्यतः हायड्रोजन आणि हीलियमचे. मात्र खोलवर दाबाने तोच हायड्रोजन धातूसारखा वागतो. युरेनस व नेपच्यून यांत पाणी, अमोनिया आणि मिथेन यांचा भरणा.

२०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. नव्या जिल्ह्याचा इतिहास मराठीत लिहिताना आपण राजवटींपासून सुरुवात करू. जाम नदीच्या काठी गोटमारीला आपला हात दरसाल दगडाकडे जातो. त्याच दगडाचे वय आणि कूळ त्या इतिहासाच्या पहिल्या पानावर असावे. मँगनीज गाड्या भरभरून बाहेर गेले. त्याने जगाला शिकवलेले तरी आपल्या भाषेत घरी राहू द्या.