ऊलाँग चहा : कसा करावा, कोणी जपून प्यावा

‘वजन कमी करणारा चहा’ म्हणून ऊलाँगचे पाकीट दाखवत अनेक जण विचारतात, घेऊ का? वजन या चहाने आपोआप उतरत नाही. मात्र दूध-साखरेच्या चहाऐवजी हा कोरा चहा घेतला तर साखर वाचते. मधुमेहींसाठी तेवढेही थोडे नाही.

ऊलाँग हा हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला प्रकार. खुडलेली पाने थोडी सुकवून घोळवतात, त्यामुळे त्यांच्या कडा चेचल्या जातात आणि हवेशी संयोग होऊन रंग बदलू लागतो. मग उष्णता देऊन ही क्रिया अर्ध्यावर थांबवतात. सुगंध यातूनच येतो. चीनच्या फूच्येन प्रांतातील आन्शी भागातला ‘थिएक्वानयिन’ ऑर्किडसारख्या वासासाठी प्रसिद्ध आहे. त्यात फुले मिसळलेली नसतात.

आपल्या सवयीने पातेल्यात उकळू नका, चहा तुरट होईल. चिनी लोक ‘गायवान’ हा झाकणाचा लहान पेला वापरतात. सुमारे 100 मिली पेल्यात 5 ग्रॅम पाने घाला, नुकते उकळलेले पाणी ओता आणि ते पहिले पाणी लगेच टाकून द्या. घट्ट वळलेली पाने सुटू लागतात. आता झाकण उचलून वास घ्या; पिण्याइतकाच आनंद त्यात आहे. पुन्हा पाणी ओतून 20-30 सेकंदांत गाळा. त्याच पानांचा पाच-सहा वेळा चहा होतो, दर वेळी वेळ थोडी वाढवायची. गायवान नसेल तर मोठ्या कपात 2-3 ग्रॅम पाने तीन मिनिटे ठेवली तरी चालते.

पाणी कडक लागते, पण चहा निववून प्या. 65 अंश सेल्सियसपेक्षा गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये जाहीर केले.

रक्तक्षय असेल तर अधिक काळजी हवी. चहातील पॉलिफेनॉल्स पालेभाज्या, कडधान्ये आणि गोळ्यांतील लोह शरीरात शोषू देत नाहीत. गोळ्या चालू असूनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर मी चहाची वेळ विचारतो. कित्येक जण गोळी चहाबरोबरच घेत असतात! जेवण किंवा लोहाची गोळी आणि चहा यांत किमान एक तास, शक्यतो दोन तास जाऊ द्या.

ऊलाँगमध्ये कॅफीन असते. गर्भवतींनी चहा, कॉफी, चॉकलेट सर्व मिळून दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या आत राहावे. झोप लागत नसेल किंवा छातीत धडधडत असेल, तर दुपारनंतर हा चहा घेऊ नका.